पिठावरची पावलं

मावळातून परत आले तेव्हा वसतिगृहातल्या मुलींनी विचारलं, "काय काय पाहिलंस? किल्ले? लेणी? धरण?" मी म्हणाले, "उंदीर." त्या हसल्या. पण खरंच, पाच दिवसांत मी लोणावळ्यातली एकही दरी नीट पाहिली नाही. जिथे गेले तिथे खाली बघत होते.

आमच्या पर्यावरणाच्या मॅडमनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एक प्रश्न दिला होता. हिवाळे ऊबदार होत चालले आहेत आणि गावांची शहरं होत चालली आहेत, तर उंदरांचं काय होतं? बाहेर ऊब असली की उंदीर हिवाळ्यातही जास्त वेळ हिंडतात, जास्त खातात, पिल्लंही घालत राहतात. सिमेंटच्या भिंती दिवसाची उष्णता रात्री धरून ठेवतात. आणि माणसं वाढली की सांडलवंड वाढतेच. हे वर्गात ऐकलं होतं. मॅडम म्हणाल्या, "आता जाऊन बघा." माझी मैत्रीण सलमा तळेगाव दाभाड्याची. तिच्याकडे राहून लोणावळा, तळेगाव आणि सोमाटण्याजवळचं परंदवडी अशा तीन ठिकाणी बघायचं ठरलं.

पद्धत सोपी होती. काळ्या फरशीचे तुकडे घ्यायचे, त्यावर रांगोळीचा पातळ थर द्यायचा, संध्याकाळी ठेवायचे आणि सकाळी उमटलेली पावलं मोजायची. शेजारी तापमान लिहायचं. निघण्याआधी घरी फोन केला. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे कुठलीही गोष्ट घरी सांगताना आधी मलाच ती नीट कळलीय का हे तपासावं लागतं. मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावात वडिलांची पिठाची गिरणी आहे. सगळं ऐकून ते म्हणाले, "उंदीर मोजायला तिकडं कशाला जातीस? गिरणीत ये, पायजे तेवढं मोज."

लोणावळा

जानेवारी होता. लोणावळ्यात थंडी असेल म्हणून मी आईचा जाड स्वेटर घालून गेले आणि अकरा वाजता तो काढून कमरेला बांधावा लागला. शनिवार असल्यामुळे रस्त्यावर गाड्याच गाड्या. कणसाचे बुरखुंडे, वडापावचे कागद, अर्धवट खाल्लेली भजी असं सगळं कठड्याच्या पलीकडे पडलेलं. सलमा म्हणाली, "उंदीर नाही वाढले तरच नवल. मी उंदीर असते तर इथेच फ्लॅट घेतला असता."

एका चिक्की बनवणाऱ्या काकांनी मागच्या अंगणात फरशा ठेवू दिल्या. कढईत गूळ उकळत होता, आणि पाक झाला की नाही हे ते थेंब पाण्यात टाकून, बोटांनी मोडून बघत होते. त्यांनी तुटक्या चिक्कीचा पुडा आमच्यापुढे सरकवला. आमच्याकडे शेंगा आणि गूळ नुसता मुठीत घेऊन खातात; तेच दोन पदार्थ इथे काचेसारखे पातळ झालेले पाहून मला जरा ओशाळल्यासारखं झालं, का ते सांगता येत नाही.

काका म्हणाले, "आमच्या लहानपणी डिसेंबरात कढईजवळ बसायला भांडणं व्हायची. आता बघा, जानेवारीत पंखा लावलाय. माल मऊ पडतो. आणि उंदीर! पूर्वी थंडी पडली की दिसायचे बंद व्हायचे. आता बारमाही. लोणावळ्याची हवा त्यांनाही मानवली."

मी ते वहीत लिहून घेतलं. लिहिताना मॅडमचं वाक्य आठवत होतं की माणसाची आठवण हा पुरावा नसतो, फक्त शोधायला सुरुवात कुठून करायची ते त्यातून कळतं.

सकाळी गेलो तर पावलं नव्हतीच. थंडी नव्हती, पण दव भरपूर पडलं होतं. सगळी रांगोळी भिजून फरशांवर चिखल झाला होता, आणि उरलेल्या रांगोळीची पिशवीही शेजारी रात्रभर उघडीच राहिलेली. काका म्हणाले, "गणपतीच्या वाहनाला चिखलात चालायला लावता होय?" सलमा हसली. मला रडू येत होतं. पहिल्याच दिवशी काम वाया गेलं होतं.

तळेगाव दाभाडे

सलमाच्या वडिलांची तळेगावात छोटी बेकरी आहे. त्यांना मी चाचा म्हणायला लागले. सकाळी सहाला गरम खारी आणि चहा. खारी चहात किती वेळ बुडवायची यावर त्या घरात रोज वाद होतो. चाचा म्हणाले, "रांगोळी गेली तर गेली. मैदा घ्या. त्याच्याइतकं बारीक काय असतं?"

इथे माझी चूक झाली. पीठ म्हणजे उंदराला आमंत्रण. रांगोळीवर उंदीर चुकून चालत जातो, पिठावर तो जेवायला येतो. गिरणीवाल्याच्या मुलीला हे कळायला हवं होतं. पण समोर पांढरा, मऊ मैदा दिसला आणि मी हो म्हणून बसले.

दुपारी एका नव्या सोसायटीत गेलो. तिथल्या सेक्रेटरींनी आधीच सांगितलं, "आमच्याकडे उंदीर नाहीत. तुम्ही शून्य लिहून टाका, चहा घ्या आणि जा." तरी त्यांनी पार्किंगमध्ये फरशा ठेवू दिल्या. सकाळी त्या फरशा पावलांनी भरल्या होत्या. पुढचं पाऊल चार बोटांचं, मागचं पाच बोटांचं, मधून शेपटीची रेघ. सेक्रेटरी वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे बाजूच्या सोसायटीतले आहेत."

त्या इमारतीमागे अजून थोडं भातखाचर शिल्लक होतं, बाकी सगळीकडे खोदकाम. वॉचमन म्हणाला की जेसीबी चालला की बिळांतून उंदीर भराभर बाहेर पडतात आणि सरळ इकडे येतात. आमच्याकडे काळी जमीन उन्हाळ्यात फुटते आणि उंदीर त्या भेगांत राहतात. तिथे त्यांना जागा जमीनच देते. इथे जमीन उकरली जात होती, म्हणून ते माणसांकडे जागा मागायला येत होते. हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहिलं आणि मला ते फार आवडलं होतं.

परंदवडी, पहिला दिवस

चाचांच्या ओळखीतलं एक शेतकरी घर परंदवडीत होतं. घरातला मुलगा योगेश तळेगावजवळच्या कंपनीत कामाला. त्याचे वडील, ज्यांना गावात सगळे दत्तूआबा म्हणत, सव्वा वर्षापूर्वी गेले. घरात तो आणि त्याची आई हौसाबाई एवढेच. आमचं काम ऐकून योगेश फारच उत्साहानं हो म्हणाला होता. त्याचं कारण मला नंतर कळलं.

पुढे स्लॅबचं घर, मागे पत्र्याची पडवी. इंद्रायणी तांदळाचा वास दारातच आला. आत पोती लावलेली होती. घराशेजारी आधी भाताचं शेत होतं. ते आता सपाट करून त्यावर तारेचं कुंपण घातलेलं होतं आणि प्लॉटची पाटी लागलेली होती. हौसाबाई शेळीला पाला घालायला मागे गेल्या होत्या. संध्याकाळ होत आली होती म्हणून मी लगेच फरशा मांडायला घेतल्या.

मधल्या खोलीत एक कोपरा रिकामा होता. घरात एवढी पोती, भांडी, पेट्या, आणि तो एकच कोपरा मोकळा आणि सारवल्यासारखा स्वच्छ. मला वाटलं, माझ्या फरशीसाठी ही चांगली जागा. फरशी ठेवली, चाळणीनं मैदा पसरला. दोन कोंबड्या आत-बाहेर करत होत्या. त्या पीठ टिपतील म्हणून मी भिंतीला टेकवलेली वेताची पाटी त्यावर पालथी घातली, आणि उंदराला आत शिरता यावं म्हणून एका बाजूनं खडा लावून उचलून ठेवली.

उभी राहिले तर दारात हौसाबाई. हातातला पाला खाली पडलेला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. त्या परत म्हणाल्या, "आगं पोरी, कोण गेलं? पीठ कुणासाठी पसरलंस?"

आणि मग मला कळलं. माणूस गेल्यावर, जिथे त्यानं प्राण सोडला तिथे दिवा लावतात, त्याच्याजवळ पीठ पसरतात, वर पाटी झाकतात. दुसऱ्या दिवशी पिठावर काय उमटलं ते बघतात. मुंगीचं, पाखराचं, ज्याचं पाऊल दिसेल तो त्या माणसाचा पुढचा जन्म. आमच्याकडे चाळलेली राख पसरतात, म्हणून मैदा चाळताना मला एकदाही ते आठवलं नाही. त्यातून तो कोपरा दत्तूआबांचा होता.

मी पाटी उचलायला वाकले. "आजी, चुकलं. उंदीर मोजायचे होते, मी काढते…"

"राहू दे," त्या म्हणाल्या. कोपऱ्याजवळ भिंतीला टेकून बसल्या. मग हळूहळू सांगायला लागल्या, मला की सलमाला की नुसतंच, ते कळत नव्हतं. "ह्यांच्या टायमालाबी आसंच झालं. सकाळी पाटी उचलली. उंदराची पावलं. समद्या भावकीनं बघितलं. दुसरं कुटलं पाखराचं न्हाई, किड्याचं न्हाई. उंदराचं."

सलमा हळूच म्हणाली, "उंदीर काय, आजी, सगळ्याच घरात…"

"आमच्या घरात नव्हतं. चाळीस वर्सं झाली मला हितं येऊन. शेतात हुतं, घरात कवातरी एखादं. हे गेले, आन् त्या सालीच शेजारचं रान सपाट केलं. आता घरात बघ किती झाल्यात. बराबरच हाय. रान गेलं, मंग जाणार कुटं? घरात आले."

तळेगावात मी वहीत लिहिलेलं वाक्य हेच होतं. मी ते उंदरांबद्दल लिहिलं होतं आणि त्या नवऱ्याबद्दल बोलत होत्या, पण शेत तेच, साल तेच, आणि अर्थही बराचसा तोच.

त्या उठल्या, एका ताटलीत दूध-भात कालवून कोपऱ्याशी ठेवला. रोज ठेवत असणार. आणि जाता जाता मला म्हणाल्या, "तुज्या त्या फरशीवर काय येतंय ते मलाबी बघू दे उद्या."

योगेश आम्हाला सोमाटण्याच्या फाट्यापर्यंत सोडायला आला. गाडीवरून उतरल्यावर तो लगेच गेला नाही.

"ताई, तुम्ही बघितलंत ना. मला एक मुलगी आहे, तीन महिन्यांची. बायको, पल्लवी, बाळंतपण झाल्यावर आली, चार दिवस राहिली, आणि पाचव्या दिवशी दुपट्याच्या घडीत उंदीर निघाला. ती वडगावला माहेरी गेली ती गेलीच. म्हणते, घरातले उंदीर काढा मग बाळ आणते. तिचं चूक नाही. आणि आई पिंजरा लावू देत नाही. मांजर आणलं होतं, ते देऊन टाकायला लावलं. आईनं नात चार दिवस बघितलीय फक्त."

"मग मी काय करू?" मी विचारलं.

त्यानं मोबाईल काढून आबा गेले तेव्हाचा एक फोटो दाखवला. दिवा, पीठ, आणि त्यावर पावलं. "तुम्ही शिकलेल्या. तुमचं हेच काम आहे. उद्या फक्त एवढं म्हणा, की हे उंदराचं नाही, चिमणीचं आहे. तुमच्या तोंडून ऐकलं तर मानेल ती."

मी फोटो मोठा करून बघितला. पुढे चार बोटं, मागे पाच. मधे शेपटीची रेघ. चिमणीची पुढे तीन आणि मागे एक अशी बोटं असतात. यात संशयाला जागाच नव्हती.

"हे उंदराचंच आहे," मी म्हणाले.

"मला माहितीय!" योगेश म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

रिक्षात सलमा म्हणाली, "सांगून टाक ना चिमणी. कुणाचं काय बिघडतं? एक बाळ घरी येईल." मी म्हणाले, "मग पुढच्या वेळी कुठल्याही फरशीवर काय दिसतंय ते मी कशी लिहू?" ती म्हणाली, "तू फार पुस्तकी आहेस, अश्विनी." ते खरं असेल. पण मला पुस्तकाची भीती वाटत नव्हती. हौसाबाईंनी मला विश्वासानं "बघू दे" म्हटलं होतं, त्याची वाटत होती. त्या संध्याकाळी चाचांच्या घरी खिमा-पाव होता, सलमाच्या आईनं माझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी केली होती, आणि ती मला अर्धीसुद्धा गेली नाही.

परंदवडी, दुसरा दिवस

सकाळी पोहोचलो तर हौसाबाई आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून कोपऱ्याशी बसल्या होत्या. पाटीला हात लावला नव्हता. योगेश कंपनीत उशिरा जाणार होता.

मी पाटी उचलली. मैदा जवळजवळ संपला होता. जेवढा उरला होता त्यावर पावलांवर पावलं होती. मोठी, मधली, आणि काठाला अगदी बारीक, नखाएवढी. अशा फरशीवरून मोजणी होऊच शकत नव्हती. माझ्या पिठानं सगळं घर जेवायला बोलावलं होतं. पुढे मॅडमनीही तेच सांगितलं, आणि मैद्याच्या सगळ्या नोंदी आम्ही प्रकल्पातून काढून टाकल्या.

हौसाबाई पुढे सरकल्या. खूप वेळ बघत राहिल्या. मग बोट न लावता, वरूनच दाखवत विचारलं, "ह्यात त्यांचं कुटलं?"

योगेश माझ्याकडे बघत होता. खोटं कसं बोलायचं ते मला सुचत नव्हतं, आणि खरं कसं बोलायचं तेही.

"आजी," मी म्हणाले, "योगेशदादांच्या मोबाईलमधला फोटो मी पाहिला. ते पाऊल उंदराचंच आहे. तुम्ही बरोबर बघितलं होतं."

योगेशनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि मान फिरवली.

"पण एक सांगू का? उंदीर वर्षभर जगतो. फार तर थोडं जास्त. माणसासारखं आयुष्य नसतं त्यांना. आणि आबांना जाऊन सव्वा वर्ष झालं. त्या दिवशी पिठावर जो चालला, तो आता… तो आता नसणार. ही पिल्लं, पिल्लांची पिल्लं. आणि त्या सपाट केलेल्या शेतातून आलेली."

पोत्यामागे काहीतरी खुडबुडलं, आणि आम्ही चौघांनीही तिकडे बघितलं.

"म्हंजी," हौसाबाई म्हणाल्या, "ह्यातलं एकबी न्हाई?"

"मला जन्माचं काही माहीत नाही, आजी. खरंच नाही. उंदराचं वय तेवढं माहीत आहे."

"कवा गेला आसंल?"

"सांगता येत नाही. दिवाळीच्या सुमाराला, किंवा त्याआधी."

"दिवाळी," त्या म्हणाल्या. बोटांवर काहीतरी मोजलं. मग उठून मागच्या दारानं बाहेर गेल्या.

योगेश म्हणाला, "ताई, चिमणी म्हणायला काय जात होतं?" त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मला वाटत होतं, मी त्या बाईचा माणूस दुसऱ्यांदा नेला. पहिल्या वेळी निदान भावकी जमली होती. सलमानं माझा हात धरला, आणि नंतर कधीही त्यावरून मला चिडवलं नाही.

बऱ्याच वेळानं त्या आल्या त्या चहा घेऊन. डोळे लाल होते. कप देताना म्हणाल्या, "घ्या. निवंल." मग योगेशकडे न बघताच त्याला म्हणाल्या, "फोन लाव तिला."

"कुणाला?"

"कुणाला म्हंजी? बायकू कितीक हायेत तुला?"

सलमाला हसू फुटलं आणि तिनं ते चहात बुडवलं. योगेशनं घाईघाईनं नंबर लावला. हौसाबाई मोबाईल तोंडासमोर धरून, पलीकडचं माणूस शिवारात उभं असल्यासारख्या मोठ्यानं बोलत होत्या. "पल्लवी? व्हय, मीच. आज पिंजरं आणतोय योगेश. चार आण म्हनलंय. न्हाई, इख नगं, इख घरात नगंच. पिंजरं. घर समदं झाडून घेते मी, पोती उचलून घेते. आठ दिस जाऊ दे, मंग तू ये आन् बघ. बघ आन् मंगच पोरीला आण." मग एकदम आवाज खाली आला. "रडतीय का ती? जरा कानाला लाव की तिच्या."

पलीकडे काय झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. त्या बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या.

परवा योगेशचा निरोप आला. पिंजऱ्यात बरेच सापडले, तरी अजून आहेत. पुढच्या शेताला कुंपण झालं की आणखी येतील असं त्याला वाटतं, आणि मलाही. पोत्यांसाठी त्यानं पत्र्याची कोठी आणली आहे. पल्लवी एकदा येऊन घर बघून गेली. बाळाला अजून आणलेलं नाही. आणेल असं म्हणाली आहे.

त्या दिवशी, तो फोन झाल्यावर, फरशा धुऊन पिशवीत भरल्या आणि आम्ही निघालो. हौसाबाई कुंपणापर्यंत आल्या. म्हणाल्या, "तू हे समदं लिवणार म्हनं."

"लिहिणार आहे, आजी. तुमचं नाव नको असेल तर घालत नाही."

"नावाचं काय? घाल न्हायतर नगं घालू." सपाट केलेल्या शेताकडे त्यांची नजर होती. "पर येक लिव. वरीसभर दूध-भात घातला मी त्यांला. जितकं दिस हुते तितकं दिस, उपाशी न्हाई ठेवलं."

मी हो म्हणाले. ते लिहिलं आहे.